बर्फावर पडणाऱ्या मुलीचे माप

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी प्रकल्पाचे विषय चिठ्ठ्या टाकून वाटले गेले. आमचा वर्ग वस्त्र आणि तयार कपड्यांचा. शेजारच्या मैत्रिणीला शाळेचा गणवेश मिळाला, मागच्या बाकावरच्या मुलाला हॉस्पिटलातले झगे. माझ्या चिठ्ठीवर लिहिले होते: बर्फावर उड्या मारणाऱ्या स्की आणि स्नोबोर्ड खेळाडूंसाठी लवचिक संरक्षक कपडे. मी चिठ्ठी दोनदा वाचली आणि मॅडमना विचारले की बदलून मिळेल का. त्या म्हणाल्या, हा विषय कुणाची वही पाहून करता येणार नाही, म्हणून चांगला आहे.

आमच्या कुंभकोणममध्ये बर्फ म्हणजे उसाच्या रसाच्या गाडीवर गोणपाटात गुंडाळलेली लादी. तिच्यावर कुणी उडी मारताना मी पाहिले नव्हते.

मॅडमनी एक अट घातली. कपडे नुसते शिवून चालणार नाहीत. कुणीतरी खऱ्या खेळाडूने ते खऱ्या बर्फावर घालून, काय झाले ते आपल्या हाताने लिहून सही करून द्यायला हवे. मार्चमधल्या तोंडी परीक्षेत तो कागद नसेल तर प्रकल्प अपुरा, आणि प्रकल्प अपुरा तर वर्ष पुन्हा. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. वर्ष गेले असते तर नातेवाइकांनी आधीपासून तयार ठेवलेले वाक्य बोलून टाकले असते की आता हिला मशीनवर बसवा. आणि त्यांना उत्तर देण्यासारखे माझ्याजवळ काही उरले नसते.

अप्पा देवांचे कपडे शिवतात. मठाच्या गल्लीत आमचे दुकान आहे, पुढे दुकान आणि मागे घर. उत्सवमूर्तींची रेशमी वस्त्रे, पालखीचे पडदे, रथाला लावायच्या झालरी, असे सगळे काम. कापणे अप्पांचे, टाके आत्याचे आणि मागचे घर अम्माचे. आत्या ही अप्पांची धाकटी बहीण. ती टाके घालते तशीच बोलते, बारीक आणि खोल. बाहेर आम्ही तमिळ बोलतो आणि घरात कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेल्या पूर्वजांची जुनी मराठी, जी ऐकून पुण्याहून मठात आलेले पाहुणे एकमेकांकडे बघून हसतात. ही लिहायची मराठी मी अभंगांच्या वहीतून आणि नंतर फोनवर वाचून शिकले. चुकले असेल तिथे सांभाळून घ्यावे.

घरी विषय सांगितला तेव्हा आत्याने सुई थांबवली. एका फळीवर दोन्ही पाय बांधून उतारावरून घसरत येतात, उंचवट्यावरून उडतात आणि हवेत गिरकी घेतात, असे मी समजावून सांगितले.

"पाय कोण बांधतं त्यांचे?" आत्याने विचारले.

"आपले आपणच बांधतात, आत्या."

"मग विजार कशाला गे? आधी थोडी अक्कल शिवून दे त्यांना."

अप्पा हसले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले की माप कोण देणार.

मॅडमच्या ओळखीच्या एका कारखान्याने केशरी रंगाच्या रबरासारख्या फोमचे तुकडे दिले होते. हळू दाबले तर ते मळलेल्या कणकेसारखे मऊ लागत, पण फटका बसला की त्या क्षणापुरते घट्ट होत. मी हे सगळे मोठ्या उत्साहाने सांगितले. आत्याने ऐकून घेतले, आत जाऊन एक अप्पळम, म्हणजे तळलेला पापड, आणि वरवंटा आणला, अप्पळमवर फोमचा तुकडा ठेवला आणि वरून एक घाव घातला. तुकडा उचलला तर खाली अप्पळमचा भुगा. मी म्हटले, माणूस म्हणजे अप्पळम नव्हे. ती म्हणाली, "कोण काय आहे ते पडल्यावर कळतं." मग तो भुगा तिने रात्रीच्या ताकभातावर घेतला.

कपडे घालून बघायला एक मुलगी मिळाली ती मॅडमच्याच एका मैत्रिणीमुळे. हिमाचलातल्या एका खेड्यात राहणारी, माझ्याहून वर्षाने लहान, स्नोबोर्ड खेळणारी. मागच्या हिवाळ्यात ती उडीतून पाठीमागे पडली आणि माकडहाडाला चीर गेली. हाड जुळून आले होते, पण उडीची वेळ आली की अंग आपोआप मागे ओढले जाते, असे तिने पहिल्याच दिवशी सांगितले. माझी हिंदी ऐकून ती खूप हसली. हसून झाल्यावर, कपडे घालून बघीन आणि कागदही लिहीन, असे म्हणाली.

तिने मापे लगेच पाठवली, इंचांत, नीट ओळीने. अप्पांनी तो कागद बघितला आणि मशीनच्या खणात ठेवून दिला. आकड्यांवर त्यांचा विश्वास नाही, आणि त्याला कारण आहे. शिंप्याला गाभाऱ्यात जाऊन मूर्तीला हात लावता येत नाही. पुजारी आतून एक सुती दोरा घेऊन येतात. दोऱ्याला गाठी मारलेल्या असतात. पहिली गाठ खांद्याची, पुढची कमरेची, मग गुडघ्याची, शेवटची पावलाची. जवळच्या स्वामीमलै गावी नवी मूर्ती ओतून तयार झाली की तिथूनही आधी दोराच येतो. अप्पा तो दोरा दोन बोटांत धरून खाली सोडतात, जरा वेळ बघत राहतात आणि मग कात्री उचलतात. मी कॉलेजात तीन वर्षे इंच शिकले, पण अप्पांच्या वस्त्रात एका सुताचा फरक मी कधी पाहिलेला नाही.

तेव्हा मला त्या मुलीला सांगावे लागले की दोरा हवा. सरळ उभी राहा, कुणाला तरी गाठी मारायला सांग आणि पाकिटात घालून पाठव. तिने विचारले, हा काही नवस वगैरे आहे का. मी म्हटले, नाही, आमचे हे मोजमाप आहे. आठवड्याने दोरा आला. तिच्या आईने लाल लोकरीच्या गाठी मारल्या होत्या. अप्पांनी तो खाली सोडला आणि समाधानाने म्हणाले, "खांदे चांगले आहेत मुलीचे."

महिनाभर अप्पा आणि आत्या त्या कामाला बसले. पाठीसाठी बंडी आणि खाली गुडघ्यापर्यंत विजार, मांड्यांना, बाजूंना आणि मागे फोम. मी कॉलेजातून शिकून आलेले काही सांगू लागले की अप्पा मान हलवत आणि आपल्या मनासारखे करत. शिवण इतकी सुबक की शोधून सापडू नये. विजारीच्या कडेला त्यांनी बोटभर रुंदीची जर लावली. मी म्हटले, अप्पा, बर्फात जर कशाला. ते म्हणाले, जरीशिवाय आपल्या दुकानातून आजवर काही बाहेर गेलेले नाही, आणि बाहेर गेले तर लोक विचारतील की दुकानात कुणाला बरे नाही का.

तयार झाल्यावर आम्ही कपडे खांबावर चढवून बघितले. खांब म्हणजे एक सरळ लाकूड, वर खांद्यांसाठी आडवी पट्टी, खाली दोन दांड्या. देवांची वस्त्रे आम्ही त्यावरच बघतो. काय सुंदर दिसत होते ते. कुठे सुरकुती नाही, कुठे ताण नाही. मी फोटो काढून वर्गात सगळ्यांना दाखवला. माझ्या अंगाला ती विजार लांबीत मोठी आणि कमरेत लहान होती, म्हणून घालून बघायचे सुचले नाही. आत्याला घालून बघ म्हटले असते तर तिने वरवंटा उचलला असता. डिसेंबरात पार्सल गेले.

तिने व्हिडिओ कॉल केला तेव्हा आम्ही तिघेही फोनसमोर होतो. ती खोलीच्या मध्ये ताठ उभी होती. म्हणाली, इतके सुंदर झालेय की आई म्हणते लग्नासाठी ठेवून दे. मग म्हणाली, दीदी, आता बघा. आणि तिने गुडघे वाकवले, किंवा वाकवायचा प्रयत्न केला. विजार मागून ओढली जाऊन अर्ध्या पाठीवर आली, बंडीतला फोम उचलून मानेला लागला, आणि ती तशीच, फळी आडवी व्हावी तशी, बाजूच्या पलंगावर कलंडली. पडल्या पडल्या हसत होती. हसतानाही तिला वाकता येत नव्हते. तिच्या खेळात तर पूर्ण वेळ गुडघे वाकवून, पाठ पुढे करूनच राहायचे असते. हे मी माझ्या वहीत पहिल्याच पानावर लिहिलेले होते.

मी फोन ठेवला. अप्पा पुढे दुकानात गेले. मी त्यांच्या मागे गेले आणि आत्या माझ्या मागे. अप्पा खांबाकडे बघत उभे होते.

"अण्णा," आत्या म्हणाली, "तुझं गिऱ्हाईक आजवर कधी खाली बसलंय काय रे?"

 अप्पा खरोखरच आठवून बघत होते, पंचवीस-तीस वर्षांचे सगळे देव.

"नाही," ते म्हणाले. "सगळे उभेच."

मला हसू आवरेना, आणि लगेच मार्च आठवला. बर्फ फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत असतो, मग वितळू लागतो, असे मुलीने सांगितले होते. जानेवारी सुरू झाला होता.

अप्पांनी दुसरा दोरा मागवला. खरे तर दोन. या वेळी तिने खेळताना बसते तसे बसायचे, आणि तिच्या आईने एक दोरा पुढून व एक मागून लावून गाठी मारायच्या. दोरे आले ते पोंगलच्या आदल्या दिवशी. अम्मा दारात कोलमची रांगोळी घालत होती आणि अप्पा आत जमिनीवर दोरे पसरून बसले होते, जुना एक आणि नवे दोन. मागचा दोरा जुन्यापेक्षा वीतभर लांब निघाला आणि पुढचा जवळजवळ तेवढाच आखूड. त्यांनी मागचा दोरा पुन्हा पुन्हा ताणून बघितला. मला म्हणाले, "माणूस बसला की मागनं वाढतो गे." इतक्या नवलाने म्हणाले की मी, हे आम्हाला दुसऱ्या वर्षाला होते, असे सांगितले नाही.

मग त्यांनी फोमचा अखंड तुकडा लावायचे सोडले. त्याच्या चार बोटे रुंदीच्या पट्ट्या कापल्या आणि घराच्या छपरावर नारळाच्या झावळ्या शाकारतात तशा एकीवर एक चढवून लावल्या. प्रत्येक पट्टी फक्त वरच्या कडेला शिवलेली, खालून मोकळी. पाठ वाकली की पट्ट्या एकमेकींवरून सरकत आणि सरळ झाली की परत जागेवर येत. खाली त्यांनी कापडही ताणणारे घेतले, हातात धरून तोंड वाकडे करत. ताणणाऱ्या कापडाला ते चारित्र्य नसलेले कापड म्हणतात.

माकडहाडाजवळ काम अडले. अप्पा म्हणत तिथे सर्वांत जाड फोम हवा, मार तिथेच बसतो. मीही तेच म्हणत होते. माझ्या वहीतही तसेच होते. आत्या म्हणाली, नोको, तिथे काहीच नको. आम्ही दोघांनी तिला समजावायला सुरुवात केली. तिने हातातले काम खाली ठेवले.

"तळ्याच्या पायरीवरून कोण पडलं होतं? तू का अण्णा?"

तीन वर्षांपूर्वी ती शेवाळावरून घसरून थेट पायरीवर बसली होती. दीड महिना तिला खाली बसता येईना. मऊ उशी दिली की जास्त दुखे, कारण उशी नेमकी त्या हाडालाच वर ढकले. शेवटी तिने स्वतःच डोक्यावर घागर घेताना ठेवतात तशी कापडाची चुंबळ वळली आणि तीवर बसू लागली. हाड मधल्या पोकळीत, भार भोवतालच्या मांसावर. हे सगळे ती आम्हाला आत्ता पहिल्यांदा सांगत होती, कारण तेव्हा कुणी विचारले नव्हते. तिने जुन्या साडीची एक चुंबळ वळून दाखवली आणि मला तीवर बसवले, मग उशीवर, मग पुन्हा चुंबळीवर. मी वहीतली ती ओळ खोडली. मागे फोमचे कडे बसले, मध्ये मोकळे.

या खेपेला अप्पांनी आधी माझ्या मापाची एक ओबडधोबड विजार शिवली आणि म्हणाले, जाऊन पड. कावेरीचे पाणी ओसरून एका कडेला वाळू उघडी पडली होती. सकाळी मी आणि आत्या तिकडे गेलो. वर बांधाचा दगडी कठडा होता, कमरेएवढा. मी त्यावर चढून मागच्या मागे वाळूत बसल्यासारखी पडत होते, आणि आत्या खाली उभी राहून, आता डावीकडे पड, आता जोरात पड, असे सांगत होती. फिरायला आलेले एक आजोबा थांबले. त्यांनी तमिळमध्ये आत्याला विचारले की मुलीला काही त्रास आहे का. आत्या म्हणाली, काही नाही, कॉलेजची परीक्षा आहे. ते म्हणाले, आमच्या वेळी एवढे नव्हते.

मी सतरा वेळा पडले. मला कुठेही दुखले नाही. दुसऱ्या दिवशी मात्र कोपरे सोलवटली होती, कारण कोपरांना आम्ही काही लावलेच नव्हते. त्यांच्यासाठी मग वेगळे पट्टे शिवले.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात दुसरे पार्सल गेले. ते मिळाल्याचा निरोप आला, आणि पुढे काहीच नाही. चार दिवस, आठ दिवस, बारा दिवस. फोन लागेना. मी कॉलेजात मॅडमसमोर जायचे टाळू लागले. घरी अप्पा मला काही विचारत नसत, पण त्यांनी फोनवर त्या खेड्याचे हवामान लावून घेतले होते आणि दुकानात येणाऱ्याला ते सांगत. पुजारी अंगवस्त्राची चौकशी करायला आले की अप्पा आधी म्हणत, "तिकडे काल पुन्हा बर्फ पडला, रस्ता बंद आहे." पुजारी घाम पुसत विचारत की कुठे. हळूहळू गल्लीत सगळ्यांनाच त्या रस्त्याची काळजी लागली. इडलीवाली सकाळी विचारायची, उघडला का.

तेराव्या दिवशी रस्ता उघडला, तिकडचे फोन सुरू झाले, आणि दुपारी मला एक व्हिडिओ आणि एका कागदाचा फोटो आला.

व्हिडिओत ती वरून आली, लहान, काळी, वेगात. उंचवट्यावरून उडाली, हवेत मागे फिरली आणि पाठीवर आपटली. आत्याने डोळ्यांवर पदर घेतला. मी पुढचे बघून तिला सांगितले की उठली, बर्फ झटकतेय, आणि परत वर चाललीय. आत्या पदरातूनच म्हणाली, "परत कशाला?" पण नंतर तिने तो व्हिडिओ चार-पाच वेळा पाहिला.

कागद हिंदीत होता, वळणदार अक्षरात, खाली सही. एका दिवसात नऊ वेळा पडले. आधी दोनदा पडले की घरी जायचे. पाठ आणि मागची बाजू अजिबात दुखत नाही, मागे फिरायची उडी या वर्षी पहिल्यांदा मारली. इथपर्यंत वाचून मी थांबले, कारण मला रडू येत होते. मग पुढचे वाचले. सहाव्यांदा पडल्यावर डाव्या मांडीचा फोम फिरून पुढे येतो आणि ती बाजू उघडी पडते. तिथे मार लागला, निळे झाले आहे. कमरेतून बर्फ आत जातो.

मैत्रिणीने सांगितले की फोटो वरचा अर्धाच छाप, सही खाली वेगळी चिकटव, कोण बघतो. मी नाही म्हटले नाही. खरे ते लिहायचे म्हणून सांगते, मी त्या रात्री फोनवर तो फोटो अर्ध्यावर कापून बघितलाही होता. छान दिसत होता.

सकाळी मी अप्पांना सगळा कागद वाचून दाखवला, त्यातला मांडीचा भाग जरा भरभर. त्यांनी मला तेवढाच पुन्हा वाचायला लावला, सावकाश. डावी का उजवी, विचारले. पुढे येतो म्हणजे आतून की बाहेरून. मी म्हटले, अप्पा, हे परीक्षेत दाखवले तर नापास करतील. त्यांनी चष्मा काढला.

"इतकी वर्षं शिवतोय. घट्ट झालं, सैल झालं, काही एक कुणी सांगितलं नाही मला. ही पहिली. तू ती कापून टाकणार?"

मी कागद पूर्ण छापला.

परीक्षेला बाहेरून आलेले सर वयस्क होते. त्यांनी माझी वाळूत पडायची विजार उलटी करून टाके बघितले, कड्यात मूठ घालून बघितली, आणि विचारले की मध्ये मोकळे का. मी आत्याचे सांगितले, तळ्याच्या पायरीसकट. मॅडम खाली बघून हसत होत्या. मग सरांनी कागद वाचला आणि मांडीपाशी आल्यावर माझ्याकडे बघितले. हे असे का झाले, विचारले. मी म्हणाले की मला नक्की माहीत नाही. आम्ही बसल्याचे माप घेतले, पण पडताना ती एका बाजूला वळते, आणि वळल्याचे माप आमच्याकडे नाही. ते कसे घ्यायचे ते अजून सुचलेले नाही.  सरांनी कागदावर काहीतरी लिहिले आणि म्हणाले की सुचल्यावर मॅडमना कळव, त्यांनी मला कळवावे. मग त्यांनी माझ्या वहीवर सही केली.

बाहेर आले तर फाटकाशी अप्पा उभे होते. येऊ नका असे मी बजावून सांगितले होते. दुकान आत्यावर सोडून, बस पकडून, इस्त्रीचा सदरा घालून आले होते. मी जवळ गेले आणि म्हणाले, "झाले पास."

"ते तुझ्या चालण्यावरून लांबूनच दिसलं गे. मांडीचं काय म्हणाले?"

मी काय घडले ते सांगू लागले. बस आली, आम्ही चढलो, जागा एकच होती, त्यांनी मला बसवले आणि स्वतः दांडा धरून उभे राहिले. वळणावर बस कलली की ते आपल्या डाव्या मांडीवर हात ठेवून बघत होते.